बासरला जायला पंधरा किलो कशाला?

'हलकं सामान हे श्रीमंतांचे चोचले आहेत. ओझं उचलल्याशिवाय अंग तयार होत नाही. आणि जो हलका निघतो, तो शेवटी दुसऱ्याच्या जिवावर चालतो.' पायी भटकणाऱ्या मंडळींत ही तीन विधानं आता नियमासारखी सांगितली जातात. नवख्यांना सामानाची यादी देताना ती सांगतात, चढावर कुणी मागे पडला की ऐकवतात, आणि कुणी तंबू नको म्हणालं तर त्याला गप्प बसवायलाही तीच वापरतात. मला ही तिन्ही विधानं चुकीची वाटतात. त्यातलं तिसरं जरा विचार करायला लावणारं आहे, त्याचं उत्तर सविस्तर दिलं पाहिजे. पण त्याआधी नुकसान कुणाचं होतं ते बघू, कारण माझी तक्रार तिथून सुरू होते.

नांदेड ते बासर ही वाट घ्या. मुदखेड, उमरी, धर्माबाद करत 80-90 किलोमीटर होतात. तेलंगणातलं बासर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, 2016 मध्ये ते निर्मल जिल्ह्यात गेलं. पण नांदेडकरांना या जिल्ह्यांच्या रेषांचं फार काही वाटत नाही. 1956 पर्यंत सगळं हैदराबाद राज्याच्याच मुलखात होतं, आणि मुलाच्या हातून पहिलं अक्षर देवी ज्ञान सरस्वतीपुढे गिरवून घ्यायला इथली घरं आजही बासरलाच जातात. गोदावरी सबंध वाटेवर उजव्या हाताला राहते, कुठे जवळ, कुठे चार कोस लांब. तिला ओलांडावं लागत नाही, कारण नांदेड, धर्माबाद आणि बासर ही तिन्ही गावं उत्तर काठावर आहेत. चढ म्हणावा असा चढ नाही. रेल्वे जवळून जाते, एसटी चालते, दर काही किलोमीटरवर गाव, गावात हातपंप, फाट्यावर चहाची टपरी. धर्माबादचा मिरचीचा बाजार मोठा, त्यामुळे मुक्कामाची आणि जेवणाची सोय तिथे पैसे टाकून होते. बासरला देवस्थानच्या खोल्या आहेत, लॉज आहेत, आणि मराठीत विचारलं तर उत्तर मिळतं. थंडीत, वसंत पंचमीच्या आधीच्या आठवड्यात, चार दिवसांत आरामात होणारी ही चाल आहे.

या वाटेसाठी शेजारच्या घरातल्या कॉलेजातल्या मुलीने पाठीवर घेतलेली पिशवी मी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली, तर काटा 15 किलोंवर थांबला. मुलीचं स्वतःचं वजन 46. म्हणजे स्वतःच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिने पाठीवर घेतला होता. यादी तिला एका ट्रेकिंग ग्रुपने दिली होती आणि तिने ती इमानेइतबारे पाळली होती. आम्ही सगळं चटईवर काढलं. साठ लिटरची सॅक रिकामीच सव्वादोन किलोंच्या वर. तंबू पावणेतीन किलोंच्या घरात. बर्फात झोपता येईल अशी जाड स्लीपिंग बॅग. दोन जीन्स, दोन्ही मिळून दीड किलोला थोड्या कमी. टर्किश टॉवेल, जो एकदा भिजला की दुप्पट जड होतो आणि थंडीच्या दिवसांत दुसऱ्या सकाळपर्यंत वाळत नाही. स्टोव्ह, गॅसचा डबा, पातेलं, तांदूळ, डाळ, मॅगी. स्टीलची बाटली पाण्याने भरलेली. शाम्पूची अख्खी बाटली. वीस हजार एमएएचची पॉवर बँक. वाटेत फोन चार्ज करायला तिच्या निम्म्यानेही भागलं असतं, आणि वाटेवरच्या प्रत्येक टपरीत प्लगही आहे.

यादीत एकही वस्तू वाईट नव्हती. हिमालयात चार-पाच हजार मीटरवर मुक्काम असेल तर ती जाड स्लीपिंग बॅग जीव वाचवते. अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांवर जायचं असेल तर दोर लागतो, तिथे दोर घेण्यात कंजुषी करणारा माझा मित्र नव्हे. पण ही यादी ज्या वाटेसाठी केली होती ती वाट वेगळी, आणि ही वेगळी. कुणीतरी कधीतरी मनालीच्या वरच्या एखाद्या खिंडीसाठी केलेली यादी फोनवरून फोनवर फिरत मराठवाड्याच्या सपाट काळ्या जमिनीवर येऊन पोचली. वाटेत कुणालाही ती खोडावीशी वाटली नाही. आणि प्रत्येक शरीराला तीच यादी. ऐंशी किलोंच्या तरुणाला 15 किलो म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी, 46 किलोंच्या मुलीला तिसरा हिस्सा. याच मुलीने पहिल्या दिवशी सात-आठ किलोमीटरवर खांदे सोलून घेतले असते, दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसली असती आणि घरी येऊन म्हणाली असती, चालणं हे आपलं काम नव्हे. अशी माणसं मी बघितली आहेत. पन्नाशीतल्या बायका, मधुमेहामुळे चालायला लागलेले निवृत्त शिक्षक, बारीक अंगाची पोरं. त्यांना चालण्याने नकार दिलेला नसतो, यादीने दिलेला असतो. म्हणून मी यावर चिडून लिहितो आहे.

लहान मुलांच्या बाबतीत आपण निदान कागदावर तरी शहाणे झालो. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड दप्तर नको असं स्पष्ट म्हटलं आहे. बासरला पाटीवर पहिलं अक्षर काढणाऱ्या पोराच्या पाठीचा विचार होतो आणि त्याच्याच मावशीला तिसरा हिस्सा पाठीवर घेऊन निघ म्हणून सांगतात, तेही कौतुकाने.

आता 'ओझ्याने अंग तयार होतं' याबद्दल. हे सांगणारे नेपाळी हमालांचा दाखला हमखास देतात. दाखला खरा आहे. 2005 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नामचे बाजारला जाणारे पुरुष हमाल सरासरी आपल्या वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक ओझं नेताना आढळले, आणि एवढं ओझं ते इतरांपेक्षा कमी शक्ती खर्चून नेतात हेही दिसलं. पण ते कसे चालतात तेही तिथेच दिसतं. कपाळावरच्या पट्ट्याने भार डोक्यावर घेऊन, अगदी हळू, पुन्हापुन्हा थांबून. लहानपणापासूनची ती सवय आहे. आणि ते ओझं त्यांनी मजेसाठी उचललेलं नाही, ती त्यांची मजुरी आहे.

मजुरीचा विषय निघालाच तर आपल्याकडच्या हमालांकडे बघू. माथाडी आणि हमाल कामगारांसाठी महाराष्ट्राने 1969 मध्ये कायदा केला. त्याच्या दोन वर्षं आधी, 1967 मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एका प्रौढ पुरुषाने हाताने उचलायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो असावी अशी शिफारस केली. शंभर किलोंचं पोतं पाठीवर घेणाऱ्या आपल्या हमालांच्या संघटना ते 50 किलोंवर आणा म्हणून वर्षानुवर्षं भांडल्या. ज्यांचं पोटच ओझ्यावर आहे त्यांनी ओझं कमी करून घेण्यासाठी मोर्चे काढले. कारण म्हातारपणी मणक्याचं काय होतं ते त्यांनी आपल्या बापाच्या पाठीवर पाहिलेलं होतं. आणि सुटीच्या दिवशी हौसेने चालणारा माणूस मात्र जड सॅकचा फोटो काढून मित्रांना पाठवतो. हमालाचं नाव घेऊन ओझ्याचं कौतुक करणाऱ्याने एकदा मार्केट यार्डात जाऊन पन्नाशी उलटलेल्या हमालाला विचारावं.

अंग तयार होतं ते चालून. पहिल्या महिन्यात रोज पाच किलोमीटर, मग आठ, मग सलग दोन दिवस पंधरा. हा सराव हलक्या पाठीने होतो, जड पाठीने होत नाही, कारण जड पाठीने माणूस दुसऱ्या दिवशी बाहेरच पडत नाही. यात पायांतल्या वजनाचा हिशेब तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी 1969 मध्येच मोजून दाखवलं की पायांत घातलेलं वजन धडावरच्या तेवढ्याच वजनाच्या साधारण चार ते सहा पट दमवतं. म्हणजे सपाट गाडीवाटेवर चालायला घोट्याच्या वर येणारे, एकेक पाऊण किलोचे बूट घालणारा माणूस सॅकमधून काढलेलं बरंचसं वजन पायांत परत भरतो. नांदेड-बासर वाटेला साधे धावायचे बूट किंवा कॅनव्हासचे बूट भरपूर झाले. आत सुती मोजे, बदलायला एक जोड.

'श्रीमंतांचे चोचले' हा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो. तो करणाऱ्यांचं म्हणणं असं की हलकं सामान म्हणजे परदेशी कापडाची सॅक, पक्ष्यांच्या पिसांची बॅग, टायटॅनियमचं पातेलं. दुकानात हेच मांडलेलं असतं, हे खरं. पण जे आणलंच नाही त्याला पैसे पडत नाहीत. त्या मुलीच्या पिशवीतून आम्ही तंबू काढला, त्याला खर्च शून्य. स्टोव्ह, डबा, पातेलं, तांदूळ काढले, खर्च शून्य. जाड स्लीपिंग बॅगेच्या जागी घरातली सोलापुरी चादर आली, साधारण किलोभराची, आणि तिच्याखाली पाठ ते कंबर एवढीच कापलेली फोमची चटई. आदिलाबादकडे थंडीत पारा एक आकडी उतरतो, म्हणून स्वेटर आणि कानटोपी ठेवली, झोपताना तीच घालायची. जीन्सच्या जागी पातळ सुती सलवार. टॉवेलच्या जागी पंचा, जो पाठीवर वाळतो, डोक्याला बांधता येतो, त्यात भाकरी गुंडाळता येते आणि जेवणानंतर हातही पुसता येतात. स्टीलच्या बाटलीच्या जागी स्टेशनवर मिळते ती पाण्याची एक लिटरची बाटली. रिकामी असताना हातात घेतली तर वजन जाणवतही नाही. शाम्पूच्या जागी दोन पुड्या. घरातली शाळेची पस्तीस लिटरची जुनी सॅक, किलोपेक्षा कमी. पुन्हा काट्यावर ठेवलं तेव्हा खाणं आणि पाणी धरून 6 किलो भरलं. यात नवीन विकत घेतलेली एकच वस्तू होती, अंथरायचं आणि पांघरायचं प्लास्टिक.

खाण्याकडे जरा थांबतो, कारण मराठी घरांना इथे परदेशातलं काही शिकायची गरज नाही. सुकं, दाट, न शिजवता खाता येईल असं अन्न आपल्या स्वयंपाकघरांनी प्रवासासाठीच घडवलं आहे. दुधात मळलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी आठवडाभर. गूळ-शेंगदाणे मूठभर तोंडात टाकले की तास निघतो; शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात, शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात शंभरही नाहीत. सातूचं पीठ गूळ घालून पाण्यात कालवलं की न्याहारी झाली. मेटकूट टपरीवरच्या गरम भातावर घ्या. चार दिवसांसाठी सहाशे-सातशे ग्रॅम एवढंच सोबत असलं तरी पुरतं, कारण एक वेळचं गरम जेवण वाटेवरच्या खानावळीत मिळतं आणि त्याचे पैसे देता येतात. स्टोव्हऐवजी नोटा न्याव्यात. नोटांना वजन नसतं आणि खानावळवालीलाही धंदा होतो.

परदेशातला एक दाखला द्यायचाच तर तो या आरोपाचं उत्तर म्हणून द्यायला हवा. 1955 मध्ये ओहायो राज्यातली एमा गेटवूड ही 67 वर्षांची, अकरा मुलांची आई अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांतून जाणारी सुमारे 3,300 किलोमीटरची ॲपलाचियन वाट एकटी चालून गेली. पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली जाड कापडाची झोळी, आत लष्करी ब्लँकेट आणि न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा, पावसासाठी. झोळी नऊ किलोंच्या वर क्वचितच गेली. दोन वर्षांनी ती पुन्हा चालली. पुढे 1990 च्या दशकात रे जार्डिन या अमेरिकी भटक्याने हलक्या सामानाचा पुरस्कार केला, तोही आपली सॅक स्वतः शिवूनच. ज्याला आज चोचले म्हणतात त्याची सुरुवात एका म्हातारीच्या झोळीतून आणि एकाच्या शिवणयंत्रावर झाली. दुकानं नंतर आली.

इथे मी माझ्याच बाजूच्या काही मंडळींशीही भांडणार आहे. हलक्या सामानाचे हौशी प्रचारक म्हणतात, वारकऱ्यांकडे बघा, काहीही न घेता आळंदीहून पंढरपूर गाठतात. नर्मदा परिक्रमेतले बघा, एक झोळी, एक कमंडलू, दोन्ही काठांनी अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चालतात. हे अर्धं सांगणं झालं. वारकऱ्याच्या खांद्यावर पताका आणि गळ्यात टाळ असतो, डोईवर तुळस असते, आणि त्याचं अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, शिधा, तंबू दिंडीच्या ट्रकमध्ये असतात. पुढे मुक्कामाला पोचून कुणीतरी चूल पेटवलेली असते. यात वारकऱ्याला कमीपणा कुठेच नाही, त्याने सामूहिक व्यवस्था उभी केली आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. पण एकट्याने निघालेल्या माणसाने तिचा हवाला देऊन मोकळ्या हाताने निघणं म्हणजे फसवणूक आहे. नर्मदेच्या काठाला शतकांची सदावर्तं आहेत, आश्रम आहेत, परिक्रमावासीला जेवू घालणं हा तिथल्या गावांचा धर्म आहे. गोदावरीच्या या काठाला तशी व्यवस्था नाही. मुदखेड-उमरीकडचा कापूस वेचणारा माणूस तुम्हाला पाणी देईल, ओटा देईल, पण त्याच्या घरचं दोन वेळचं जेवण गृहीत धरून निघायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर इथूनच निघतं. हलका निघणारा दुसऱ्यावर भार होतो का? होतो, जर त्याने चुकीच्या वस्तू काढल्या तर. पाणी, औषधं, ऊब, उजेड यांत कपात करायची नाही. रक्तदाबाच्या गोळ्या मोजून घ्याव्यात आणि दोन दिवसांच्या जास्त घ्याव्यात, अख्खी बाटली नेऊ नये. ओआरएसच्या पुड्या, फोडांवर चिकटपट्टी, मच्छरांचं मलम, लहान टॉर्च. थंडीत एक लिटर पाणी आणि दर गावात बाटली भरणं. नदीचं पाणी उकळल्याशिवाय किंवा क्लोरीनची गोळी टाकल्याशिवाय प्यायचं नाही, कितीही नितळ दिसलं तरी. उन्हाळ्यात ही वाट धरूच नका. धरलीत तर दोन-तीन लिटर पाणी लागेल आणि मग सहा किलोंचं गणित बिघडेल. गोळ्यांपासून टॉर्चपर्यंतचं हे सगळं मिळून पाऊण किलोच्या आत बसतं. म्हणजे जे खरोखर जीव राखतं ते हलकंच आहे. जड आहे ते 'असू दे, लागलं तर' म्हणून घातलेलं.

आणि भार कोण होतो, हेही विचारू. गटाने चालताना मागे पडतो तो जड पाठीचा माणूस. त्याच्यासाठी सगळे उन्हात थांबतात, संध्याकाळी मुक्काम गाठायला अंधार होतो, शेवटी त्याची सॅक दोघांनी वाटून घ्यावी लागते. पाय मुरगळतो तो थकलेल्या माणसाचा, तोल जातो तो पाठीमागे ओढल्या जाणाऱ्याचा. हलका माणूस तंबू मागायला येईल या भीतीने ज्यांनी पंधरा किलो लादले, त्यांनी स्वतःच्या गटातल्या सर्वांत दुबळ्याचा विचार केलेला नसतो. आणि समजा हलक्या माणसाला वाटेत जमलंच नाही, तर या वाटेवर पुढच्या गावातून एसटी मिळते, स्टेशनवरून गाडी मिळते. मागे फिरायची सोय असलेल्या वाटेवर तंबू नेणं म्हणजे घराशेजारच्या दुकानात जाताना शिदोरी बांधणं.

परतीचाही विचार करा. बासरला पोचलेला माणूस तिथून रिकामा येत नाही. पाटी-पेन्सिल घेतो, प्रसाद घेतो, घाटावरून बाटलीभर गोदावरी घेतो, शेजाऱ्यांसाठी कुंकू घेतो. ते घ्यावं. परतीची गाडी बासर स्टेशनवरून नांदेडला येते, तिच्यात ते सगळं आरामात बसतं. जाताना सॅकमध्ये जागा ठेवली असेल तरच ते बसतं, एवढंच.

ट्रेक आणि पदयात्रा काढणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे. तुमच्या याद्या या थंडीपूर्वी नव्याने करा. प्रत्येक यादीच्या डोक्यावर वाटेचं नाव आणि महिना लिहा, म्हणजे मनालीची यादी मुदखेडला येणार नाही. तळाशी लिहा: पिशवी पाण्यासकट काट्यावर ठेवून या, स्वतःच्या वजनाच्या सातव्या हिश्श्याहून जास्त भरली तर निघण्याआधी आमच्याशी बोला. आणि नांदेड-बासरच्या यादीत तंबू आणि स्टोव्ह असतील, तर ते दोन शब्द आजच खोडा.